लाइम रीजिस: कॉबचा धक्का आणि घसरता किनारा

इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्याच्या पश्चिम टोकाला, डेव्हनच्या सीमेवर असलेल्या या छोट्या बंदराला राजा पहिल्या एडवर्डने १२८४ मध्ये सनद दिली. पण बंदर टिकलं ते कॉब नावाच्या वळणदार धक्क्यामुळे. सुरुवातीला ओकचे खांब ठोकून त्यांच्यामध्ये मोठे गोटे भरत. हे गोटे रिकामी पिंपं बांधून पाण्यावर तरंगवत आणले जात. तेव्हा धक्का किनाऱ्यापासून सुटा होता. १७५६ मध्ये तो जमिनीला जोडला गेला. तिथेच पुढच्या दुखण्याचं एक मूळ आहे. इथल्या लाटा गोटे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकवतात. ते कॉबपाशी अडू लागले आणि पूर्वेला, चर्चखालच्या कड्याचा पायथा उघडा पडत गेला.

त्यात भर पडली दगडाच्या धंद्याची. इथे निळसर चुनखडी आणि काळी माती यांचे थर आलटून पालटून आहेत, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे. याचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो, म्हणून एकोणिसाव्या शतकात किनाऱ्यावरचे खडकाचे पट्टेच्या पट्टे खणून नेले. लाटांचा जोर मोडणारे खडक गावानेच विकले, असं म्हणायला हरकत नाही.

दरडींचं कारण मात्र मुख्यतः पाणी. वरचा वालुकाश्म पाऊस शोषतो, खालची चिकणमाती ते अडवते, आणि भिजलेल्या सांध्यावरून अख्खा कडा समुद्राकडे सरकतो. डिसेंबर १८३९ मध्ये पश्चिमेला बिंडनजवळ शेतंच्या शेतं अशी तुटून सरकली. सरकलेल्या तुकड्यावरचा गहू पुढच्या ऑगस्टमध्ये कापलाही गेला.

याच पडझडीने इथल्या जीवाश्मशोधक मेरी अ‍ॅनिंगला जीवाश्म दिले. भावाला १८११ मध्ये इक्थियोसॉर या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याची कवटी सापडली, उरलेला सांगाडा तिने शोधला. १८२३ मध्ये लांब मानेच्या सागरी सरीसृपाचा, प्लेसिओसॉरचा, जवळपास पूर्ण सांगाडा.

अलीकडे गावालगतच्या कड्यांच्या पायथ्याशी भिंती बांधल्या, उतारात लोखंडी सळ्या रोवल्या, आतलं पाणी काढायला नळ्या घातल्या. चार्माउथ गावाकडचा ब्लॅक व्हेन हा कडा मात्र मोकळाच ठेवलाय, आणि ते योग्यच आहे: झीज थांबली तर जीवाश्म दिसणंही थांबेल. २००१ पासून हा किनारा जागतिक वारशात आहे. जीवाश्म शोधायचे तर हिवाळी वादळानंतर, ओहोटी लागल्यावर, सुट्या गोट्यांत पाहावं. कड्यावर हातोडा चालवू नये, पायथ्याशी उभंही राहू नये. पाऊस थांबल्यावरही दरड येते. शिवाय ताजा चिखल वरून वाळल्यासारखा दिसला तरी त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, आणि भरती त्या पट्ट्यात थेट कड्यापर्यंत येते.