गडद रंगाच्या मोटारीची रंगनिगा

काळ्या, गडद निळ्या, गडद हिरव्या किंवा तशाच दुसऱ्या गडद रंगाच्या मोटारीचा पृष्ठभाग धुणे, कोरडा करणे, गरज पडल्यास पॉलिश करणे आणि त्यावर संरक्षक लेप देणे, या सर्व कामांना मिळून रंगनिगा म्हणता येईल. गाडी पांढरी असो वा काळी, कामे तीच. पण पांढऱ्या गाडीवर वर्षानुवर्षे खपून जाणारी हयगय काळ्या गाडीवर महिन्याभरात दिसू लागते.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर चार थर असतात. गंज रोखणारा विद्युत्-लेपनाचा थर, त्यावर प्रायमर, मग रंगद्रव्याचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. गाडीची चमक याच थरात असते आणि नेहमीचे बारीक ओरखडेही बहुधा याच थरात असतात. खालचा रंग शाबूत असतो.

हे ओरखडे गडद रंगावर इतके का दिसतात, याचे उत्तर प्रकाशात आहे. काळ्या गाडीत रंगापेक्षा आजूबाजूचे प्रतिबिंबच अधिक दिसते. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परतवतो, चरा मात्र तो विखुरतो. पांढरा रंग मुळातच प्रकाश विखुरत असल्याने चऱ्याची उजळ रेघ त्यात मिसळून जाते. काळा रंग उरलेला प्रकाश शोषून घेत असल्याने तीच रेघ उठून दिसते. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, तेव्हा कोणी तरी गोल गोल पुसल्यामुळे ती उमटली असे लोकांना वाटते. वास्तविक चरे सर्व दिशांना असतात; प्रकाशबिंदूभोवती जे आडवे पडतात तेवढेच चमकतात. दिवा हलवला की वर्तुळही त्याच्यासोबत सरकते.

हे चरे कोठून येतात, तर बहुतांशी आपल्याच हातून. कोरड्या धुळीवर सकाळी मारलेला फडक्याचा हात हे त्यांचे सर्वांत मोठे कारण. धुळीत वाळूचे कण असतात आणि फडके ते क्लिअर कोटवर घासत नेते. म्हणून धुण्याची सुरुवात पाण्याच्या फवाऱ्याने करावी, सुटी धूळ हात न लावता वाहून जाऊ द्यावी. त्यानंतर गाडीसाठीचा सौम्य शाम्पू आणि दोन बादल्या : एकीत फेसाचे पाणी, दुसरीत धुण्याचा मऊ हातमोजा खळबळण्यासाठी साधे पाणी. धुणे छतापासून खाली करत यावे, कारण खालच्या पट्ट्यांवर आणि चाकांजवळ सर्वाधिक वाळू-खडे असतात. चाकांसाठी फडके वेगळेच ठेवावे. भांडी घासण्याचा साबण तेलकटपणा ओढून घेतो आणि वॅक्सचा, म्हणजे मेणाच्या संरक्षक लेपाचा, थर उतरवतो, म्हणून तो टाळावा. कोरडे करण्यासाठी जाड मायक्रोफायबर टॉवेल घेऊन पाणी टिपावे, रगडू नये. जमिनीवर पडलेला टॉवेल धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये. एवढीशी शिस्त महागड्या पॉलिशपेक्षा जास्त रंग वाचवते.

गडद पत्रा उन्हात फिक्या पत्र्यापेक्षा अधिक तापतो. तापलेल्या गाडीवर पाणी टाकले तर ते पुसण्याआधीच सुकते आणि जड पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतात. त्यामुळे गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड लागल्यावरच धुवावी. पक्ष्यांची विष्ठा तर थांबू देऊच नये. तिच्यातली आम्लता आणि उन्हाने मऊ झालेला क्लिअर कोट यांच्या संयोगाने खोल डाग पडतो. ती खरवडू नये. ओले फडके काही मिनिटे ठेवून, भिजल्यावर अलगद उचलावी.

धुऊनही पृष्ठभाग बोटाला खरखरीत लागला, तर ब्रेकमधून उडालेले लोखंडी कण, डांबर किंवा झाडांचा चीक रुतून बसलेला असतो. भरपूर वंगण वापरून क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवला की ते सारे निघते. मात्र क्लेनेही सूक्ष्म चरे उठू शकतात, म्हणून काळ्या गाडीवर त्यानंतर बहुधा पॉलिश करावेच लागते.

पॉलिश आणि वॅक्स यांत लोक सर्रास गल्लत करतात. पॉलिशमध्ये अपघर्षक असते, बहुतेकदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण. ते चरा भरत नाहीत, तर त्याच्या कडेचा क्लिअर कोट घासून पृष्ठभाग समपातळीत आणतात. म्हणजे दर पॉलिशला थर थोडा पातळ होतो, आणि गेलेला क्लिअर कोट परत येत नाही. नख फिरवल्यावर अडकेल इतका खोल ओरखडा पॉलिशने पूर्ण घालवण्याचा हट्ट धरू नये. एका दिशेने गोल फिरणारे रोटरी यंत्र नवख्या हातात काळ्या रंगावर धुरकट पट्टे, म्हणजे होलोग्राम, सोडते. डगमगत फिरणारे ड्युअल ॲक्शन यंत्र त्या मानाने सुरक्षित. आधी हातभर जागेवर यंत्राला लावायचे सर्वांत सौम्य पॅड (मऊ गादी) व पॉलिश वापरून पाहावे आणि मगच पुढे जावे. पॉलिशमधील तेले चरे तात्पुरते झाकतात. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर खरा निकाल दिसतो. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या, एकथरी रंगावर पॅडला गाडीचाच रंग लागतो. तिथे हात आणखी हलका हवा.

वॅक्स काही घासत नाही, ते वर बसते. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा वॅक्स गडद रंगाला विशेष खोली देते, पण काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत झिजते. सिलिकायुक्त सिरॅमिक कोटिंग काही वर्षे टिकू शकते आणि धूळ धुणे सोपे करते. ते लावल्यावर गाडीला ओरखडे पडतच नाहीत, हा समज मात्र चुकीचा आहे. शिवाय आधीचे चरे न काढता कोटिंग केले तर ते त्याखाली तसेच राहतात.

मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, काळ्या रंगाला यातले पॉलिश आणि चमक देणारे वॅक्स दोन्ही वर्ज्य आहेत. घासलेली जागा तुकतुकीत होते आणि तो भाग पुन्हा रंगवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.