मुळा, मटण आणि निळा डाग

आईचं हिमोग्लोबिन आठावर आलं तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'स्टूल फॉर ऑकल्ट ब्लड', म्हणजे शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त जातंय का ते पाहा. लॅबमधल्या मुलीने झाकणाची डबी हातात दिली आणि पाठ केल्यासारखं सांगितलं, "काकू, तीन दिवस मटण नको, कच्चा मुळा नको, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तर बंद." आई आयुष्यभर शाकाहारी, त्यामुळे मटणाचा प्रश्नच नव्हता. मुळ्याचं मात्र तिला काही केल्या पटेना. आतड्यातल्या रक्ताचा कोशिंबिरीशी काय संबंध?

संबंध आहे, आणि त्याचा माग काढत गेलं की आपण थेट कॅरिबियन बेटांवर पोचतो. तिथे ग्वायकम नावाचं झाड होतं. लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं; पुढे आगबोटींच्या पंख्याच्या दांड्याला बेअरिंग म्हणून तेच वापरलं गेलं. सोळाव्या शतकात युरोपात उपदंशाने थैमान घातलं (आपल्या वैद्यकग्रंथांतला फिरंगरोग तो हाच), तेव्हा या लाकडाचा काढा रामबाण म्हणून खपत होता. औषध कुचकामी निघालं. पण झाडाच्या राळेत एक गुण होता: ऑक्सिजन मिळाला की ती निळी पडते.

1864 मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचे प्राध्यापक इझाक व्हान डीन यांनी हा गुण रक्ताचे डाग ओळखायला वापरला. रक्तातलं हीम (हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग) पेरॉक्साइडसारख्या पदार्थातला ऑक्सिजन सोडवतं, तो राळेला मिळतो आणि डाग निळा होतो. गुन्ह्याच्या तपासात, कपड्यावरचा डाग रक्ताचा की कशाचा, हे ठरवायला हे फार सोयीचं होतं. अडचण एकच. हीच करामत कच्चा मुळा, सलगम आणि फ्लॉवर यांच्यातल्या पेरॉक्सिडेझ नावाच्या एन्झाइमलाही जमते. मटणात तर बकऱ्याचं हीम असतंच. व्हिटॅमिन सी उलटं वागतं: ऑक्सिजन ते स्वतःच गिळून बसतं आणि रक्त असूनही रंग येत नाही. थोडक्यात, राळ रक्त ओळखतच नाही. रक्तासारखं वागणारं काहीतरी इथे आहे, एवढंच ती सांगते.

ही राळ शौचाच्या तपासणीत रुजवली ती बर्लिनच्या इस्मार बोआस यांनी. पोटाच्या विकारांना स्वतंत्र शाखा म्हणून उभं करणाऱ्यांतले ते एक. या विषयाला वाहिलेलं पहिलं नियतकालिक त्यांनी 1895 मध्ये काढलं. 1901 च्या सुमारास त्यांनी मांडलं की, जठराचा किंवा आतड्याचा कॅन्सर डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी थेंब थेंब रक्त गाळत असतो. लाल रक्त दिसलं की माणूस मूळव्याध म्हणून मोकळा होतो. शौच डांबरासारखं काळं व्हायला वरच्या बाजूने 50 ते 100 मिलिलिटर रक्त जावं लागतं. त्याहून कमी गेलं तर काहीच दिसत नाही. बोआस ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांना बर्लिन सोडून व्हिएन्नाला जावं लागलं, आणि 1938 मध्ये नाझी फौजा तिथेही शिरल्यावर त्यांनी आत्महत्या केली.

मधली काही दशकं राळेची जागा बेंझिडीन या रसायनाने घेतली. ते इतकं संवेदनशील की जेवणातल्या मांसानेही सहज रंग दाखवायचं. शिवाय रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांना त्याच बेंझिडीनने मूत्राशयाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालं. कॅन्सर शोधायच्या रसायनानेच कॅन्सर व्हावा, ही क्रूर थट्टाच. ते बाद झालं आणि राळ परत आली.

माझ्या मते खरी कलाटणी रसायनाने दिलीच नाही, ती दिली पुठ्ठ्याने. अमेरिकेतल्या ओहायोचे डॉक्टर डेव्हिड ग्रीगर यांनी 1967 मध्ये एक साधी गोष्ट मांडली: राळ लावलेला कागद बसवलेलं कार्ड पेशंटच्या हातात द्या. त्याने घरी तीन दिवस काडीने नमुना त्यावर फासायचा आणि कार्ड वाळवून परत पाठवायचं. दवाखान्यात मागच्या बाजूने पेरॉक्साइडचा थेंब टाकला की मिनिटभरात निकाल. ओली, वास मारणारी बरणी घेऊन बसने जायची लाज संपली. कसलाही त्रास नसलेल्या माणसाची तपासणी पहिल्यांदाच शक्य कोटीत आली.

पण त्याने जीव वाचतात का? मिनेसोटा विद्यापीठाने 1975 पासून 50 ते 80 वयाच्या 46,551 लोकांवर हे पाहिलं. 1993 मध्ये आकडे आले: दरवर्षी तपासणी केलेल्या गटात आतड्याच्या कॅन्सरचे मृत्यू 33 टक्क्यांनी कमी. एक मेख होती. तिथे वाळलेली कार्डं पुन्हा पाण्याने ओलावली जात, त्यामुळे निळे डाग भरमसाठ वाढले आणि कितीतरी धडधाकट लोकांना दुर्बिणीच्या तपासणीला सामोरं जावं लागलं. नॉटिंगहॅम आणि डेन्मार्कच्या 1996 च्या अभ्यासांत, कार्ड न ओलावता आणि दर दोन वर्षांनी तपासून, फायदा 15 आणि 18 टक्के निघाला. तो आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो. मधल्या काळात, 1985 मध्ये, राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या आतड्यातली गाठ काढली गेली आणि हा विषय अमेरिकेत घरोघरी पोचला.

मुळ्याची सुटका अँटिबॉडीने केली. नवी चाचणी अँटिबॉडी वापरून माणसाच्याच हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन हे प्रथिन पकडते. तिला बकरा कळत नाही, मुळाही कळत नाही. जपानने 1992 पासून चाळिशीपुढच्यांसाठी हीच चाचणी देशभर लावली. इंग्लंडने 2019 मध्ये राळेचं कार्ड सोडलं. तिकडे राहणाऱ्या मराठी माणसालाही पन्नाशी उलटली की टपालाने घरी किट येतं, आणि तीन दिवसांच्या नमुन्यांऐवजी एकच पुरतो.

भारतात सरकारी तपासणी मोहीम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची आहे, आतड्याची नाही. आपल्याकडे ही चिठ्ठी बहुधा आईसारख्यांना मिळते, रक्त का कमी झालं याचा शोध घेताना. आणि इथे नव्या चाचणीची एक खोच आहे. जठरातून गळलेल्या रक्तातलं ग्लोबिन खाली येईपर्यंत पचून जातं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी हा गुण, अल्सर शोधायचा तर दोष. म्हणून निकाल निगेटिव्ह आला तरी आमच्या डॉक्टरांनी वरूनही दुर्बीण घालायला लावली, आणि अल्सर तिथेच सापडला.

दोन वर्षांनी पुन्हा त्याच लॅबमध्ये गेलो. मुलगी नवी, वाक्य तेच: मटण नको, मुळा नको. मी किटचं खोकं दाखवायला सांगितलं. अँटिबॉडीवालं होतं. घरी येऊन आईने मुळा किसायला घेतला.