शेवटची रिकामी ओळ कुठे गेली?

सॉफ्टवेअर अपग्रेड होतं. डेटाबेसची फाइल उघडते, टेबल उघडतं, सगळ्या नोंदी जागच्या जागी दिसतात. मग एखादा चुकलेला फोन नंबर दुरुस्त करायला त्या चौकटीत क्लिक करावं, तर अक्षर उमटतच नाही. टेबलाच्या तळाशी नवी नोंद भरण्यासाठी एक रिकामी ओळ असायची, डावीकडे तारका असलेली. तीही नाहीशी झालेली असते. कित्येक वर्षांचं काम डोळ्यांसमोर दिसतंय आणि त्याला हात लावता येत नाही, हे पाहून कुणीही घाबरेल. पण खरं नुकसान बहुधा या घाबरण्यातून होतं. कुणी नवं सॉफ्टवेअर काढून जुनं टाकतं, कुणी अनोळखी दिसणाऱ्या फाइली पुसतं, कुणी सगळ्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये नेऊन परत आणतं. म्हणून पहिलं काम एकच: प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, ज्या फोल्डरमध्ये डेटाबेस आहे तो अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या कॉपीवर करा.

आता मूळ प्रश्न. जी माहिती वाचता येते ती बदलता का येत नाही?

वाचायला फार काही लागत नाही. प्रोग्रॅमने ओळी आणायच्या आणि पडद्यावर मांडायच्या. लिहायचं म्हटलं की त्याला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. नेमकी कोणती ओळ बदलायची? ती ओळ मी मघाशी वाचली तशीच अजून आहे का? आणि लिहायला जागा आणि परवानगी आहे का? यांपैकी एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर चांगला प्रोग्रॅम हात आखडता घेतो. अपग्रेडनंतर अडलेल्या डेटाबेसमध्ये बहुतेक वेळा माहिती शाबूत असते, यांपैकी एक उत्तर हरवलेलं असतं. ते कोणतं हे ओळखलं की निम्मं काम झालं.

पहिला प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, आणि त्याचं मूळ ५० वर्षांहून जुनं आहे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. तिच्यात टेबलातल्या ओळींना क्रम नसतो. पडद्यावर एखादी नोंद तिसरी दिसते, पण डेटाबेसच्या लेखी ‘तिसरी ओळ’ असं काही नसतंच. ओळ ओळखायची ती तिच्यातल्या मजकुरावरून. म्हणूनच एखादा रकाना असा लागतो की ज्यातली किंमत दोन ओळींत कधीच सारखी नसेल. हीच प्रायमरी की.

समजा, एका ग्रंथालयाच्या सभासदांचं टेबल आहे आणि त्यात सभासद क्रमांक नाही. एकाच नावाच्या, एकाच पत्त्याच्या, अक्षर न् अक्षर सारख्या दोन नोंदी आहेत. तुम्ही त्यांतल्या एकीचा फोन नंबर बदललात. प्रोग्रॅमने डेटाबेसला काय सांगावं? ‘हे नाव आणि हा पत्ता असलेली ओळ बदल’ म्हटलं तर दोन्ही बदलतील. हा धोका पत्करण्यापेक्षा लिब्रेऑफिस बेस हा डेटाबेसचा प्रोग्रॅम प्रायमरी की नसलेलं टेबल केवळ वाचण्यापुरतंच उघडतो. त्रास होतो खरा, पण मला ही सावधगिरी पूर्णपणे योग्य वाटते.

मग अपग्रेडच्या आधी चालत होतं ते कसं? कधी प्रायमरी की खरोखरच वाटेत गळते: जुन्या फाइलमधून नव्या फाइलमध्ये टेबल कॉपी करताना ओळी येतात, रकान्यांची नावं येतात, पण की नव्याने ठरवावी लागते आणि ती पायरी राहून जाते. कधी प्रकरण जरा आडवळणाचं असतं. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या तशाच प्रोग्रॅममध्ये दूरच्या सर्व्हरवरचं टेबल किंवा व्ह्यू (टेबलासारखाच दिसणारा, पण इतर टेबलांवर बेतलेला देखावा) जोडताना, त्यात प्रायमरी की सापडली नाही तर ॲक्सेस तुम्हालाच विचारतं की नोंद ओळखायची ती कोणत्या रकान्यावरून. तुमचं उत्तर सर्व्हरवर जात नाही, ते तुमच्या स्थानिक फाइलमध्ये राहतं. अपग्रेडच्या वेळी जुनी जोडणी काढून नवी केली की हा प्रश्न पुन्हा येतो, आणि घाईत रकाना न निवडता ती खिडकी बंद केली की टेबल वाचनापुरतं उरतं. सर्व्हरवर तिळमात्र बदल झालेला नसतो, म्हणून तिथे दोष शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही.

क्वेरीचं, म्हणजे टेबलांतून हवी ती माहिती मागवणाऱ्या विचारणेचंही, असंच. दोन टेबलं जोडणारी, बेरजा काढणारी किंवा सारख्या ओळी एकत्र करणारी क्वेरी जी ओळ दाखवते ती मूळ टेबलातली एकच ओळ असेल असं नाही. बेरजेचा आकडा बदलला तर तो कोणत्या नोंदीत जमा करायचा? म्हणून फॉर्म (नोंदी भरायची तयार खिडकी) अडला की आधी फॉर्म आणि क्वेरी बाजूला ठेवून मूळ टेबल थेट उघडून पाहावं. तिथे लिहिता येत असेल तर दोष क्वेरीत किंवा फॉर्ममध्ये आहे आणि टेबलाला हात लावायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न, म्हणजे ओळ अजून तशीच आहे का, हा मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटतो. इथे लक्षण वेगळं असतं. टाइप करता येतं, पण जतन करताना संदेश येतो की ही नोंद दरम्यान दुसऱ्या कुणीतरी बदलली. संगणकावर तर तुम्ही एकटेच असता.

याचं कारण असं. अनेक जण एकच डेटाबेस वापरतात तेव्हा प्रत्येक नोंद कुलूप लावून धरून ठेवणं परवडत नाही. त्यावर कुंग आणि रॉबिन्सन यांनी १९८१ मध्ये एक आशावादी पद्धत मांडली: भांडण होणार नाही असं धरून चालायचं आणि लिहिण्याच्या क्षणी तेवढं तपासायचं. त्याच धाटणीने ॲक्सेस सर्व्हरला सांगतं, ‘ज्या ओळीत हा क्रमांक, हे नाव, ही तारीख, ही रक्कम, सगळं मी वाचलं तसंच आहे, ती बदल.’ सर्व्हर उत्तर देतो, ‘अशी एकही ओळ नाही.’ त्यावरून प्रोग्रॅम अनुमान काढतो की कुणीतरी ती बदलली असणार.

पण तीच किंमत दोन्हीकडे वेगवेगळ्या रूपात असली तरी उत्तर हेच येतं. दशांशातलं ०.१ बायनरीत, म्हणजे संगणकाच्या ० आणि १ च्या लिपीत, नेमकं लिहिता येत नाही, ते जवळच्या किमतीला टेकवावं लागतं. त्यामुळे फ्लोट प्रकारचा, म्हणजे असा जवळच्या किमतीने साठवलेला, आकडा इकडून तिकडे गेला की शेवटच्या अंकात फरक पडू शकतो. हो किंवा नाही असा रकाना ॲक्सेसमध्ये दोनच अवस्था जाणतो. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये अशा रकान्याला बिट म्हणतात आणि त्यात तिसरीही असू शकते: काहीच भरलेलं नाही. ॲक्सेस त्या रिक्ततेला ‘नाही’ समजतं, सर्व्हर समजत नाही, आणि तुलना फसते. ॲक्सेसच्या फाइलमधली टेबलं एसक्यूएल सर्व्हरवर हलवली की हा दोष बऱ्याचदा उगवतो.

वेळेची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम प्रकार सेकंदाच्या ३०० व्या भागाच्या पटीत वेळ मोजतो. असा एक भाग म्हणजे ३.३३ मिलिसेकंद आणि पुढे तिनांची न संपणारी रांग. नव्या डेटटाइम२ प्रकारात रूपांतर होताना पूर्वी हे ३ मिलिसेकंद धरले जात. एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून, सुसंगततेची पातळी (कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं हे ठरवणारी सेटिंग) १३० किंवा त्याहून वरची असेल तर, दशांशचिन्हापुढचे अंकही जमेस धरले जातात. नवी रीत अधिक अचूक आहे, आणि नेमक्या त्या अचूकतेमुळे काल समान ठरणाऱ्या दोन वेळा आज असमान ठरतात.

उपाय सोपा आहे. सर्व्हरवरच्या टेबलात रोव्हर्जन प्रकारचा एक रकाना जोडायचा. ओळ बदलली की सर्व्हर त्यातली किंमत आपोआप बदलतो. तो दिसला की ॲक्सेस बाकीचे रकाने ताडून पाहणं सोडतं आणि प्रायमरी की व हा रकाना एवढ्यावरच निभावतं. शिवाय बिट रकान्यातल्या रिकाम्या जागी ‘नाही’ भरून तीच डीफॉल्ट किंमत ठेवावी.

तिसरा प्रश्न जागेचा. इथे लोक फाइलची परवानगी तपासतात आणि फोल्डरची विसरतात. ॲक्सेस डेटाबेसशेजारी एक छोटी लॉक फाइल तयार करतं. एसक्यूलाइट हा एकाच फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस लिहिण्याआधी शेजारी जर्नल नावाची फाइल तयार करतो. फाइल लिहिण्याजोगी असूनही फोल्डरमध्ये नवी फाइल बनवता आली नाही, तर डेटाबेस लिहिण्यापुरता मुका होतो. नव्या आवृत्तीने फाइल एखाद्या संरक्षित फोल्डरमध्ये हलवली असेल तर हेच घडतं.

या शेजारच्या फाइलींबद्दल कळकळीने सांगतो. प्रोग्रॅम मध्येच कोसळल्यावर मागे राहिलेली लॉक फाइल, डेटाबेस कुठेच उघडा नाही याची खात्री करून, पुसता येते. एसक्यूलाइटचं जर्नल किंवा नावाच्या शेवटी ‘वॉल’ असलेली फाइल मात्र कधीही पुसू नका. अर्धवट राहिलेला बदल मागे घेण्याची माहिती जर्नलमध्ये असते, आणि वॉलमध्ये तर मुख्य फाइलमध्ये अजून न पोचलेल्या, पण पक्क्या झालेल्या नोंदी असू शकतात. सुरुवातीला अख्खा फोल्डर कॉपी करायला सांगितलं ते यासाठीच.

टेबल मुळात उघडतच नसेल, तर तो संपादनाचा दोष नव्हे. ६४ बिटचा प्रोग्रॅम ३२ बिटचा ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा जोडप्रोग्रॅम) आपल्या पोटात घेऊ शकत नाही, आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१९ पासून ६४ बिटची आवृत्ती हीच डीफॉल्ट आहे. बेसच्या जुन्या, एचएसक्यूएलडीबी हे डेटाबेस इंजिन वापरणाऱ्या फाइलींना जावा हे सॉफ्टवेअर लागतं, तेही त्याच बिटचं. ॲक्सेस ९७ च्या फाइली २०१३ पासूनच्या आवृत्त्या उघडत नाहीत, त्या आधी २०१० किंवा २००७ मध्ये उघडून रूपांतरित कराव्या लागतात.

यांतलं आपलं कारण कोणतं हे कळायला एक छोटा प्रयोग पुरतो. कॉपीमध्येच एक नवं टेबल तयार करा: आपोआप वाढणारा क्रमांक ही प्रायमरी की, आणि मजकुराचा एक रकाना. त्यात एक नोंद भरून जतन करा. ती झाली आणि जुनं टेबल या कॉपीतही अडलेलंच असेल, तर प्रोग्रॅम, फाइल आणि फोल्डर तिन्ही एका झटक्यात निर्दोष ठरले, दोष त्या जुन्या टेबलाचा किंवा त्याच्या जोडणीचा. नाही झाली, तर टेबलाकडे पाहूच नका. फाइल आपल्या हक्काच्या साध्या फोल्डरमध्ये हलवून तोच प्रयोग करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढं पथ्य पाळलं की बहुतेक वेळा कारण तासाभरात हाती लागतं.

जुन्या टेबलात प्रायमरी की नाही असं निघालं, तर आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा रकाना जोडला की काम होतं. पण त्याआधी सारख्या दिसणाऱ्या नोंदी वेगळ्या काढून बघा. क्रमांक मिळाला की त्या दोन्ही कायमच्या वेगळ्या ठरतात, आणि एकच माणूस दोनदा लिहिला गेला की एका नावाची दोन माणसं आहेत, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. ते नोंद घेणाऱ्यालाच ठाऊक असतं. तेवढं निस्तरून प्रायमरी की ठरवा, टेबल बंद करून पुन्हा उघडा आणि तळाशी जा: तारका असलेली रिकामी ओळ तिथे परत आलेली असेल.