कोळी अजगराचं डोकं का डुलतं?

भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. पिवळट अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा असलेला साप मान हलवतोय. "मामा, बघ ना, पुंगीवर डुलतोय!"

तो 'स्पायडर' मॉर्फ, म्हणजे पाळणाऱ्यांनी जोपासलेला रंग-नक्षीचा एक प्रकार. मूळ प्राणी बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला चारेक फुटांचा अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतो. रानात तो काळा-तपकिरी. पाळणाऱ्यांकडे मात्र पिवळाधमक, पांढराफेक, अर्धा कोरा. जात एकच, जनुकातला बदल वेगळा.

नाशिककराला हे समजायला जड नाही. थॉमसन द्राक्षाच्या वेलीवर एखाद्या फांदीला निराळेच लांबट मणी येतात, बागायतदार तीच काडी कलम करतो. सोलापूरजवळच्या नान्नजला 'सोनाका' हा द्राक्षाचा वाण असाच हाती लागला. अजगराचं कलम होत नाही, म्हणून पिढ्या जुळवाव्या लागतात. अल्बिनोत मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य बनवणारं जनुक निकामी असतं. काळा जातो, पिवळा उरतो. पण बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडून यावी लागते. दोघेही दिसायला साधे, पण एकेक प्रत बाळगणारे असतील, तर सरासरी चार पिल्लांत एक अल्बिनो. मादी अंडी घालते सहा-सात, म्हणजे कधी कधी एकही नाही.

हे जनुक सापडलं कातींमुळे. आमच्या पिंपळगावच्या बागेत धामणीची कात सापडली तर आपण ती बांधावर फेकतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी पाळणाऱ्यांकडून अजगरांच्या काती मिळवल्या, त्यातून डीएनए काढला आणि 2022 मध्ये निष्कर्ष छापले. सापाला सुई टोचायचीही गरज पडली नाही!

स्पायडरची गोष्ट इतकी साधी नाही. गर्भात पाठीच्या कण्यालगत पेशींची एक पट्टी तयार होते. तिथूनच रंगपेशी अंगभर पसरतात आणि कानाच्या आतल्या भागालाही काही पेशी तिथूनच मिळतात. त्यामुळे नक्षी बदलणारा बिघाड कानापर्यंत पोचू शकतो. 2022 मध्येच छापलेल्या एका अभ्यासात स्पायडर अजगरांच्या डोक्यांचे स्कॅन केले, तेव्हा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या वेड्यावाकड्या निघाल्या. डोकं डुलतं ते बहुधा त्यामुळेच. तरीही विक्री चालूच आहे, कारण रेषा सुंदर दिसतात. मला हे पटत नाही.

भाच्याला असा एक पाळायचाय. वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्याची नोंदणी लागते, हे त्याला सांगितलं. मग तोच व्हिडिओ पुढे नेला. समोर उंदीर धरलेला. अजगराने झेप घेतली ती बोटभर बाजूला, आणि मान उलटी वळली ती सरळ व्हायलाच वेळ लागला.