‘डेल्टा क्वीन’चे लाकूडकाम आणि आगीचा कायदा

अमेरिकेतील ‘डेल्टा क्वीन’ या चाकाच्या आगबोटीच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की चर्चा बहुधा वाफेच्या इंजिनाकडे नाहीतर पैशाकडे वळते. वस्तुतः बोटीचा तळ पोलादाचा असूनही तिचे भवितव्य वेळोवेळी ठरले ते वरच्या मजल्यांतील लाकडामुळे, आणि हे लाकूड तिथे कसे आले हे पाहिल्याशिवाय आजचा पेच नीट कळत नाही.

एकोणिसाव्या शतकात मिसिसिपी आणि ओहायो नद्यांवर धावणाऱ्या आगबोटी दीर्घकाळ टिकाव्यात अशा अपेक्षेने बांधल्याच जात नसत. उथळ पाण्यात बोट तरंगावी म्हणून वजन कमी ठेवावे लागे, त्यामुळे वरचे मजले हलक्या लाकडाच्या पातळ फळ्यांचे असत. त्यांवर पांढरा तैलरंग दिला आणि कडेने नक्षीदार झालर लावली की बोट दिमाखदार दिसे. यांपैकी बऱ्याच बोटी पाचेक वर्षांत बुडत, जळत किंवा निकामी होत. एप्रिल १८६५ मध्ये मेम्फिसजवळ ‘सुल्ताना’ या बोटीचे बॉयलर फुटून आग भडकली आणि हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. लाकडी आगबोट आणि आग यांचे नाते अमेरिकी लोकांच्या मनात पक्के झाले ते अशाच अपघातांमुळे.

‘डेल्टा क्वीन’ आणि तिची जुळी बहीण ‘डेल्टा किंग’ या दोघी मात्र वेगळ्या पठडीतल्या. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या दरम्यान रात्रीची प्रवासी सेवा चालवण्यासाठी त्या बांधल्या गेल्या आणि १९२७ च्या उन्हाळ्यात सेवेत आल्या. त्यांच्या तळाचे पोलादी भाग स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठी तयार होऊन जहाजाने आले आणि स्टॉक्टन येथे जोडले गेले. वरचे मजले तिथल्याच सुतारांनी उभारले. ओक, साग, महोगनी आणि ओरेगॉनचे सीडर अशी उंची लाकडे त्यांत सढळ हाताने वापरली गेली. रुंद जिना, त्याचे कठडे, दालनांच्या भिंतींवरची तक्तपोशी (लाकडी फळ्यांचे आच्छादन) आणि जेवणघराखालची आयर्नबार्क या अतिकठीण लाकडाची जमीन पाहिली की मालकांना नदीवर तरंगते हॉटेल हवे होते हे लगेच ध्यानात येते. रस्ते आणि पूल झाल्यावर मोटारींपुढे या सेवेचा निभाव लागला नाही आणि १९४० मध्ये ती बंद पडली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलाने दोन्ही बोटी ताब्यात घेतल्या आणि सरसकट करडा रंग फासला. त्यातून आतले पॉलिश केलेले लाकूडही सुटले नाही. १९४६ च्या अखेरीस सिनसिनाटीच्या ‘ग्रीन लाइन’ या बोट कंपनीचे टॉम ग्रीन यांनी ४६,२५० डॉलरना ‘क्वीन’ विकत घेतली. नदीची बोट खुल्या समुद्रातून न्यायची म्हणून तिचे खालचे मजले जाड फळ्या ठोकून खोक्यासारखे बंद करण्यात आले आणि १९४७ मध्ये पनामा कालव्यातून ओढत तिला मिसिसिपीच्या मुखाशी आणले गेले. उंची लाकूड वाचवायला साधे लाकूड कामी आले, असेच म्हणायचे.

पुढे पिट्सबर्गजवळच्या ड्रॅव्हो कंपनीच्या गोदीत तिचे मोठे नूतनीकरण झाले आणि करडा रंग उतरवून मूळ लाकूड पुन्हा उघडे करण्यात आले. हे काम ऐकायला सोपे वाटते, करायला नाही. ओकची छिद्रे मोठी असतात, त्यांत रंग खोलवर जाऊन बसतो. तो नुसता खरवडला तर रेषांमध्ये करडी झाक उरते आणि जोर लावला तर लाकडाचा पृष्ठभागच निघून येतो. सागाची गोष्ट निराळी: त्यातल्या तेलामुळे रंगाची आणि गोंदाची पकड मुळातच कमी, म्हणून रंग तुलनेने सहज सुटतो, पण फुटलेल्या जागी ठिगळ बसवायचे तर सांधा काळजीपूर्वक तयार करावा लागतो. गोड्या पाण्यातल्या बोटीला कूज लागते ती बहुधा नदीच्या पाण्याने नव्हे, वरून झिरपणाऱ्या पावसाने. फळीची टोके, खिडकीची चौकट आणि डेकची कड या जागा आधी जातात. त्यामुळे जुने लाकूड राखायचे असेल तर रंधा हाती घेण्याआधी गळती शोधावी लागते.

‘किंग’च्या नशिबी हे आले नाही. १९५० च्या दशकात ती कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात किटिमॅट येथे कामगारांचे वसतिगृह बनली, तिच्या यंत्राचे भाग बहिणीसाठी काढले गेले, आणि १९८१ मध्ये ती कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे अर्धवट बुडाली. वर काढल्यावर सॅक्रामेंटोत तिचे अंतर्भाग मोठ्या प्रमाणात नव्याने बांधून १९८९ मध्ये तिचे ४४ खोल्यांचे हॉटेल करण्यात आले. दिसायला ती देखणी आहे, पण १९२७ च्या सुतारांचे काम पाहायचे तर ‘क्वीन’कडेच जावे लागते.

नेमके तेच लाकूड ‘क्वीन’च्या आड आले. नोव्हेंबर १९६५ मध्ये ‘यार्मथ कॅसल’ हे प्रवासी जहाज बहामाकडे जाताना समुद्रात जळाले. त्यानंतर १९६६ मध्ये झालेल्या सुरक्षा कायद्याने ५० किंवा अधिक प्रवाशांना रात्री मुक्कामी ठेवणाऱ्या जहाजांच्या बांधणीत ज्वलनशील साहित्य वापरण्यास मनाई केली. कायद्याचा रोख समुद्री जहाजांवर होता; काठापासून कधीच फार दूर नसणारी नदीची बोट त्यात आपसूक सापडली. लोकांच्या मोहिमेनंतर १९७० च्या अखेरीस काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) तिला सूट दिली, ती पुढे वारंवार वाढवली गेली आणि २००८ मध्ये संपली. मधल्या काळात, १९८९ मध्ये, तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला होता. सूट संपल्यावर ती टेनेसीतील चॅटनूगा येथे हॉटेल म्हणून काठाशी बांधून ठेवली गेली आणि २०१५ मध्ये लुइझियानातील हूमा येथे नेण्यात आली.

डिसेंबर २०१८ मध्ये सूट पुन्हा मिळाली, मात्र एका अटीवर: वरच्या मजल्यांतील लाकडी भागांपैकी किमान १० टक्के भाग दरवर्षी आग रोखणाऱ्या निकषांनुसार बदलला पाहिजे. दुसरीकडे वारसा-जतनाचे अमेरिकी निकष सांगतात की शक्यतो दुरुस्ती करावी, बदलणे अटळ असेल तरच मूळ साहित्याशी जुळणारे साहित्य वापरावे. या दोन्हींच्या मध्ये सुताराला जागा उरते ती एवढीच, की मूळ तक्तपोशी सोडवून तिच्या पाठीला अग्निरोधक लेप द्यावा किंवा मागची भिंत न जळणाऱ्या साहित्याची करून जुने पॅनेल पुन्हा तिच्यावर चढवावे, आणि प्रवाशांच्या नजरेस न पडणाऱ्या आडभिंती आधी हाती घ्याव्यात.