डिप्रेशनसाठी कुठली थेरपी घ्यायची? अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी हे वाचा

आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या सेंटरला फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, सगळ्यात भारी थेरपी कुठली, सीबीटीच ना? (सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, मनातले विचार तपासून बदलायची पद्धत.) तर ऐका, डिप्रेशनच्या ७ थेरप्यांवरच्या जवळजवळ २०० चाचण्या एकत्र करून केलेला अभ्यास २०१३ साली आला, त्यात त्यांच्यात फरक अगदीच थोडा निघाला. त्यामुळे आम्ही आधी विचारतो, तुमचं नेमकं अडलंय कुठं?

डोक्यात सारखं 'माझंच चुकतं, मी कामाचाच नाही' चालू असेल तर सीबीटी बरी. ही १९६० च्या दशकात अमेरिकेत एरन बेक यांनी बसवली. यात वही लागते. साहेबांनी फोन उचलला नाही, लगेच मनात आलं 'चिडलेत माझ्यावर', हे जसंच्या तसं लिहायचं, मग शेजारी लिहायचं की अजून काय कारण असू शकतं, मीटिंग असेल, गाडी चालवत असतील. रोजचा होमवर्क असतो, लिहायचा कंटाळा असेल तर आधीच सांगा.

पण कित्येकांना विचार तपासायचंही त्राण नसतं, सातपूरहून शिफ्ट करून आले की पलंगावर मोबाईल घेऊन पडायचं, मित्र बंद, जेवण कसंतरी. त्यांना आम्ही बिहेवियरल ॲक्टिव्हेशन सुचवतो, आणि मनापासून सांगतो की ही थेरपी लोक उगाच हलकी समजतात. मूड यायची वाट बघायची नाही, साडेसहा वाजले की चप्पल घालायची, गोदा पार्कला चक्कर मारायची, जायच्या आधी आणि आल्यावर मूडला १० पैकी मार्क द्यायचे. गोव्यात यावरच आधारलेली ६ ते ८ सेशनची थेरपी ट्रेनिंग दिलेल्या साध्या लोकांनी दिली, डॉक्टरांनी नाही, आणि तिचा फायदा झाल्याचं २०१७ साली छापून आलं.

घरातलं कुणी गेलं, भावाशी अबोला झाला, रिटायर झालात आणि तिथून हे सुरू झालं असेल तर इंटरपर्सनल थेरपी, म्हणजे नात्यांवर आणि आयुष्यातल्या अशा बदलांवर काम करणारी, साधारण १२ ते १६ सेशन. लहानपणापासूनचं काही सलत असेल तर सायकोडायनॅमिक, म्हणजे जुन्या अनुभवांचा आजच्या त्रासाशी संबंध उलगडणारी थेरपी, तिला बऱ्याचदा वेळ जास्त लागतो.

थेरपिस्टशी जमणंही तितकंच महत्त्वाचं. चार-पाच सेशननंतर काहीच हललं नाही तर तोंडावर सांगा, आम्हाला राग येत नाही, बदलून देऊ. झोप-जेवण पार बिघडलं असेल तर सायकिॲट्रिस्टकडे पाठवतो, कारण डिप्रेशन जास्त असताना गोळ्या आणि थेरपी दोन्ही मिळून जास्त फायदा होतो. चालू गोळ्या मात्र थेरपी सुरू केली म्हणून मनानेच बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर आमच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, घरातल्या कुणालातरी आत्ताच सांगा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फ्री आहे, रात्री-अपरात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि अगदीच राहवत नसेल तर कुणालातरी सोबत घेऊन सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.