हुशार मुलांचा वेगळा प्लॅन: हा कागद आला कुठून?

माझी भाची पाचवीत आहे आणि सातवीचं गणित आपलं आपण सोडवते. पालकसभेत बहिणीने विचारलं की हिला वेगळं काही देता येईल का, तर बाई म्हणाल्या, "पहिल्या पाचात आहे की, अजून काय पाहिजे?" बाईंना नावं नाही ठेवत मी, वर्ग खचाखच भरलेला असतो, पण तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय, कारण काही ठिकाणी अशा मुलाचा लेखी प्लॅन बनवणं शाळेला कायद्याने बंधनकारक आहे.

याचं मूळ मागे पडणाऱ्या मुलांमध्ये आहे. फ्रान्समध्ये १९०५ साली बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिमत्तेची चाचणी बनवली ती शाळेत जास्त मदत लागणारी मुलं ओळखायला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९१६ ला ती अमेरिकेसाठी सुधारली आणि १९२१ पासून तीच वापरून फार हुशार मुलं शोधायला लागला. आपल्याकडे डॉ. कामत यांनी धारवाडला १९३०च्या दशकात बिनेची चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली, बिने-कामत टेस्ट म्हणतात ती हीच.

पण आयक्यू कळला म्हणून उद्या वर्गात काय शिकवायचं ते कळत नाही ना. तिथे मला ज्युलियन स्टॅनली हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फार महत्त्वाचा वाटतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९७१ ला त्याने गणितात पुढे असलेल्या मुलांचं काम सुरू केलं, बारा-तेरा वर्षांच्या पोरांना कॉलेज प्रवेशाची सॅट द्यायला लावायचा, म्हणजे वरची मर्यादा कुठे आहे ते तरी दिसेल, आणि मग मुलाला काय येतं ते आधी तपासायचं आणि जे येत नाही तेवढंच शिकवायचं, आलेलं परत घोटायला लावायचं नाही. स्वतंत्र प्लॅनचा गाभा हाच आहे.

कागद मात्र वेगळ्याच वाटेने आला. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांसाठी आयईपी, म्हणजे प्रत्येक मुलाचा लेखी शैक्षणिक आराखडा, सक्तीचा झाला आणि त्यात हुशार मुलं नव्हती. पेनसिल्व्हेनियाच्या राज्य कायद्यात 'सरासरीपेक्षा वेगळी मुलं' अशी व्याख्या होती आणि त्यात दोन्ही टोकं बसली, म्हणून तिथे हुशार मुलांनाही हक्क मिळाला. एक केस थेट राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि १९८८ ला निकाल आला की हुशार मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे शिकवणं शाळेवर बंधनकारक आहे, फक्त शाळेत जे विषय आहेत त्याच्या पलीकडे जायची सक्ती नाही. मग २००० साली स्वतंत्र नियमावली आली, चॅप्टर १६, आणि त्या प्लॅनला जीआयईपी, म्हणजे हुशार मुलांचा आयईपी, असं नाव पडलं: मूल आत्ता कुठे आहे, वर्षभराचं ध्येय काय, त्यासाठी शिकवण्यात काय बदल करणार, आणि दरवर्षी आढावा. टीममध्ये आईवडील असतात आणि पटलं नाही तर ते रीतसर सुनावणी मागू शकतात. मला सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

आपल्याकडे रस्ता वेगळा होता, आपण निवडीवर जोर दिला. १९६३ ला राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शोध ही स्कॉलरशिपची परीक्षा सुरू झाली, तीच पुढे एनटीएसई, जी आता काही वर्षं बंदच आहे. नवोदयची पहिली दोन विद्यालयं निघाली त्यातलं एक आपल्या अमरावतीत, दुसरं हरियाणात झज्जरला. आणि चौथी-सातवीची स्कॉलरशिप, मधली काही वर्षं पाचवी-आठवीची होती, ती तर घराघरात माहीत आहे. शिकवण्याच्या पद्धतीवर खोलात काम केलं ते पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने, आप्पा पेंडसेंनी १९६२ ला संस्था काढली, १९६९ ला प्रशाला, आणि त्यांच्या मानसशास्त्र विभागाने गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धीच्या मॉडेलवर इथल्या मुलांसाठी चाचण्या बनवल्या. पण ते एका संस्थेचं काम, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलापर्यंत ते आपोआप पोचत नाही.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात हुशार मुलांवर वेगळे परिच्छेद आहेत, जादा साहित्य द्या, विषयवार क्लब काढा, बीएडमध्ये याचं स्पेशलायझेशन असू द्या, असं सगळं. लेखी प्लॅनचा हक्क त्यात नाही. भाचीच्या शाळेत पुढची पालकसभा दिवाळीनंतर आहे, बहीण या वेळी पोरीच्या सोडवलेल्या वह्या घेऊन जाणार आहे आणि एवढंच विचारणार आहे की आलेली गणितं परत करण्याऐवजी तेवढा वेळ तिला पुढचं करू द्याल का.